पलटणीचा पगार आणि गावचा दवाखाना

परवा रात्री आमच्या वर्गात वाचन बाजूला राहिले आणि वाद सुरू झाला. वाद गोडीचाच होता, पण आवाज पारापर्यंत गेला.

झाले असे. आमच्या वर्गात एक मावशी येतात. वय साठीच्या पुढे, पण पाटी घरी विसरल्या असे कधी झाले नाही. त्या दिवशी त्या उशिरा आल्या. नातवाला ताप भरला होता. गावच्या उपकेंद्राला कुलूप. तिथल्या नर्सबाईंची बदली झाली, तेव्हापासून जागा रिकामीच आहे. मग भाड्याची गाडी केली आणि पोराला तालुक्याला नेले. गाडीचे नऊशे गेले, डॉक्टर आणि औषध मिळून अकराशे गेले. पोरगा आता बरा आहे. पण मावशींचा जीव शांत नव्हता. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आताच टीव्हीवर पाह्यलं. इमानं घेऊन राह्यले, तोफा घेऊन राह्यले. तिकडे पैशाची कमी नाई. अन् आमच्या दवाखान्यात एक बाई ठेवाले पैसे नाई? हे कसं हो?"

आमच्या वर्गाला शिकवायला एक फौजीदादा मदत करतात. सतरा वर्षे पलटणीत होते. ते लगेच म्हणाले, "मावशी, तिकडे पहारा आहे म्हणून आपण इथं झोपतो. बर्फात एक रात्र उभं राहून पाहा. बंदूक जुनी असली अन् बूट फाटका असला, तर काय होते, ते आमाले इचारा."

अर्धा वर्ग मावशींकडे झाला, अर्धा फौजीदादांकडे. शेवटी दोघेही आमच्याकडे पाहू लागले. आम्ही म्हटले, "याचे उत्तर एका वाक्यात नाही. सवडीने लिहून देतो. मग सगळ्यांनी मिळून वाचू." ते हे लिहिणे.

आधी घरचाच हिशोब घ्या. शेतात ज्वारी उभी असली की रात्री जागलीला जावे लागते. रानडुक्कर येते, चोर येतो. जागलीला माणूस ठेवला तर त्याला मजुरी द्यावी लागते. ती वाया गेली असे कोणी म्हणत नाही. पण घरात बाळंतीण आहे, म्हातारा खोकतो आहे, त्यांच्या औषधालाही पैसा लागतो. पिशवी एकच. घरात यावरून दोन मते होतातच. सरकारचेही असेच आहे. फरक एवढाच की घरात धनी आणि धनीण समोरासमोर बसून ठरवतात. सरकारात कोण ठरवतो, हे आपल्याला दिसत नाही. खरा प्रश्न तिथे आहे.

आता आपल्याच वऱ्हाडची एक गोष्ट सांगतो. ती पुष्कळांना माहीत नसते.

वऱ्हाड पूर्वी हैदराबादच्या निजामाकडे होते. निजामाने एक फौज पोसायची, असे इंग्रजांशी ठरलेले होते. या फौजेला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. पैसा निजामाचा, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. पुढे फौजेचा पगार थकू लागला. इंग्रजांनी आपल्याजवळचे पैसे घातले आणि निजामाच्या नावावर कर्ज म्हणून मांडले. व्याज चढत गेले. शेवटी १८५३ साली तह झाला. लॉर्ड डलहौसी तेव्हा गव्हर्नर जनरल होता. या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. कशासाठी? तर वऱ्हाडचा सारा गोळा करून त्यातून त्या फौजेचा पगार भागवायचा आणि कर्जाचे व्याज वळते करायचे यासाठी.

सावकार कर्जापोटी शेत ताब्यात घेतो आणि पीक आपणच उचलून नेतो, तसा हा प्रकार झाला. एक सबंध मुलूख पलटणीच्या पगारासाठी तारण पडला. अचलपूरजवळ परतवाड्याला या फौजेची छावणी होती. पुढे १९०२ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देऊन टाकले. त्याबद्दल वर्षाला २५ लाख रुपये ठरले. या साऱ्या व्यवहारात वऱ्हाडच्या कुणब्याला कोणी विचारले का, की बाबा, तुझ्या साऱ्याचे काय करू? नाही विचारले. विचारण्याची रीतच नव्हती.

पण लोक गप्प बसले असेही नाही. १८९७ साल फार वाईट गेले. मुलखात दुष्काळ होता. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग सुरू झाला होता, तो पुण्याला पोचला. माणसे पटापट मरत होती. आणि त्याच वर्षी इंग्रज सरकार वायव्य सरहद्दीपलीकडे आफ्रिदी वगैरे टोळ्यांशी लढत होते. तो भाग आता पाकिस्तानात आहे. त्या लढाईचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून चालला होता.

त्या वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसची सभा अमरावतीला भरली. अध्यक्ष मद्रासकडचे शंकरन नायर होते. स्वागताचा भार अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांनी उचलला होता. या सभेत सरहद्दीच्या लढायांविरुद्ध ठराव झाला. या स्वाऱ्यांनी माणसे जातात, रयतेचा पैसा जातो, हे धोरण चांगले नाही, आणि या लढाईच्या खर्चाचा मोठा वाटा विलायतेच्या तिजोरीने उचलावा, असा त्याचा मतलब होता. म्हणजे मावशी, लढाईवर किती खर्चावे आणि तो खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी तुमच्याच जिल्ह्याच्या गावी मांडवात विचारला गेला होता. सरकारने तो मनावर घेतला नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले हेच बोलू लागले. ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते. १९०२ सालच्या अंदाजपत्रकावरचे त्यांचे भाषण फार गाजले. फौजेवर एवढा खर्च होतो, तिजोरीत शिल्लक उरते असेही सरकार सांगते, आणि तरी गरिबाच्या मिठावर एवढी पट्टी का, शाळेला पैसा का नाही, असा त्यांचा सवाल असे. गोखल्यांना बोलण्याचा हक्क होता, पण अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क नव्हता. तरी बोलण्याचा काही उपयोग झाला. मिठावर मणामागे अडीच रुपये पट्टी होती. ती १९०३ पासून उतरत गेली आणि १९०७ साली एक रुपयावर आली.

हे झाले पारतंत्र्यातले. कोणी म्हणेल, लोकांचे राज्य आले की हा वाद मिटेल. तसे होत नाही. याचा दाखला खुद्द विलायतेतच मिळतो.

दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथे मजूर पक्षाचे सरकार आले. अन्युरिन बेव्हन हे आरोग्यमंत्री झाले. हे कोळशाच्या खाणीत काम केलेले गृहस्थ. त्यांनी ५ जुलै १९४८ पासून अशी व्यवस्था सुरू केली की, कोणीही आजारी पडो, डॉक्टरला पैसे द्यायचे नाहीत. खर्च सरकार करांतून करील. चष्मा फुकट, दातांची कवळी फुकट. लोकांनी एवढी गर्दी केली की चष्मे पुरेनात. वर्षानुवर्षे माणसे अंधूक पाहत बसली होती, हे तेव्हा कळले.

पुढे १९५० साली कोरियात लढाई पेटली. इंग्लंडने शस्त्रे वाढवायचे ठरवले. तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चायचे, असा बेत झाला. पैसा कुठून आणायचा? अर्थमंत्री गेट्स्केल यांनी १९५१ च्या एप्रिलात सांगितले की, यापुढे चष्मा आणि कवळी यांची निम्मी किंमत लोकांनी द्यावी. त्यातून पहिल्या वर्षी सुटणार होते फक्त १ कोटी ३० लाख पौंड. बेव्हन म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी गरिबाच्या तोंडातले दात काय काढता? आणि शस्त्रांचा हा बेत तर पुरा होणारच नाही, तेवढा कच्चा माल आणि कारखानेच आपल्याजवळ नाहीत. त्यांचे कोणी ऐकले नाही. त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सन यांनीही सोडले. हे विल्सन पुढे पंतप्रधान झाले.

त्याच वर्षी मजूर पक्ष निवडणूक हरला. नंतर आलेल्या चर्चिल सरकारनेही शस्त्रांचा बेत मंद केला, कारण तेवढा खर्च झेपेना. बेव्हन यांचे ते म्हणणे खरे ठरले. पण चष्म्याचे पैसे काही माफ झाले नाहीत. खर्चाचा बेत बदलला तरी एकदा बसलेली पट्टी सहसा उठत नाही, हे शेतसारा भरणाऱ्याला सांगायला नको.

आता आपल्या देशाकडे येऊ. महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, इंग्रज सरकारने एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. यांचा जन्म नाशिकचा. या समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणाचे औषधपाणी अडता कामा नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. दवाखाना खेड्यापर्यंत गेला पाहिजे, असे त्यात सांगितले होते. आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो, त्याचे मूळ या अहवालात आहे. १९५२ पासून ही केंद्रे उघडू लागली. पण समितीने मागितले होते फार, आणि मिळाले थोडे.

मग १९६२ साल आले. २० ऑक्टोबरला चीनची फौज हिमालयातून खाली आली. आपले जवान शूर होते, पण अंगावर पुरते गरम कपडे नव्हते, हत्यारे जुनी होती. फौजीदादा बूट-बंदुकीचे बोलतात ते हेच. पुष्कळ जवान कामी आले. देशभर हळहळ झाली. बायांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. मोझरीचे तुकडोजी महाराज भजने घेऊन सरहद्दीवर जवानांना धीर द्यायला गेले. त्या वेळी लष्करावर खर्च नको, असे म्हणणारा कोणी उरला नव्हता.

पुढच्या वर्षी मोरारजी देसाई यांनी अंदाजपत्रक मांडले. १९६३-६४ सालासाठी लष्कराला ८६७ कोटी रुपये ठेवले. पूर्वी कधी एवढे ठेवले नव्हते. कर वाढले. सक्तीच्या बचतीची योजना आली. दागिना १४ कॅरटपेक्षा जास्त सोन्याचा घडवायचा नाही, असा नियम झाला. त्याने सोनारांच्या चुली विझल्या.

तेव्हा लोकसभेत वाद पेटला. १९६३ च्या ऑगस्टात आचार्य कृपलानी यांनी सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. लोकसभेतला तो असा पहिलाच ठराव. देशाचे रक्षण नीट केले नाही, हा त्यातला मोठा आरोप. गंमत पाहा. हेच कृपलानी लढाईच्या काही वर्षे आधी सांगत होते की, गांधींच्या देशाने फौजेचा खर्च वाढवू नये, कमी करावा. आम्ही त्यांना दोष देत नाही. घरावर दरोडा पडला की दाराला कडी लावू नका म्हणणाराही कडी शोधतो. डॉक्टर लोहिया मात्र दुसरीकडून बोलले. ते म्हणाले, या देशातली २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात, आधी त्यांचे बोला. पंडित नेहरूंनी तीन आणे हा आकडा मान्य केला नाही, ते पंधरा आणे म्हणाले. तीन की पंधरा, यावर पुढे पुष्कळ दिवस चर्चा चालली. ठराव पडला. पण पिशवीत काय आहे आणि ते कोणाला जाते, हे पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलले गेले.

आता जरा हिवतापाचे सांगतो. जुन्या लोकांना आठवत असेल. मलेरियावाले घरोघर येत, भिंतीवर डी.डी.टी. फवारत आणि दाराजवळ तारीख लिहून जात. स्वातंत्र्यानंतर पहिल्या काही वर्षांत देशात दरसाल साडेसात कोटी माणसांना हिवताप होतो, असा अंदाज होता. १९६५ साली तो आकडा सुमारे एक लाखावर आला. काम फत्ते झाले असे वाटले. मग हात सैल पडले. औषध वेळेवर येईना, घरोघर जाणारी माणसे पुरेनात, डासही औषधाला सरावले. १९७६ साली पुन्हा ६४ लाखांवर लोक हिवतापाने पडले. पहारा फक्त सरहद्दीवर असतो असे नाही. भिंतीवर तारीख लिहून जाणारा तो माणूसही पहारेकरीच होता. तो यायचा थांबला तेव्हा कोणी रणशिंग फुंकले नाही. एवढेच की गावात पुन्हा हुडहुडी भरू लागली.

आता मावशींच्या कुलपाकडे वळू.

आपल्या राज्यघटनेत कामांची वाटणी केलेली आहे. देशाचे रक्षण हे दिल्लीचे काम. दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे काम, म्हणजे आपल्याकडे मुंबईचे. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. गावचे उपकेंद्र आणि त्यावरचे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. म्हणजे पिशवी एक नाही, तीन आहेत. त्यांत दिल्लीही थोडा पैसा खाली पाठवते. आशाताई गावात आल्या त्या २००५ साली सुरू झालेल्या दिल्लीच्या योजनेतून. त्या योजनेत १०० पैकी ६० रुपये दिल्लीचे आणि ४० राज्याचे असे धोरण पुढे ठरले.

म्हणून कोणी भाषणात म्हणाला की, "ते विमान घेतले नसते तर तुमच्या गावात नर्स आली असती," तर ते जसेच्या तसे खरे मानू नका. विमान दिल्लीच्या पिशवीतले, नर्स मुंबईच्या आणि जिल्हा परिषदेच्या. जागा मंजूर असते, पगाराची तरतूदही असते, तरी भरती रखडते आणि कुलूप तसेच राहते, असेही होते. पण दुसरा कोणी म्हणाला की, "देश संकटात आहे, दवाखाना काय मागता?" तर तेही मानू नका. १९४३ साली जगभर तोफा गडगडत असताना भोर समिती बसलीच होती की नाही?

आकडेही पाहून ठेवा. २०२५-२६ सालच्या दिल्लीच्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यातले १ लाख ६० हजार कोटी निवृत्त फौजींच्या पेन्शनचे. आमच्या फौजीदादांची पेन्शन त्यातच आली. आरोग्य खात्याला सुमारे १ लाख कोटी होते. म्हणजे दिल्लीच्या एका रुपयातले साडेतेरा पैसे संरक्षणाला आणि दोन पैसे आरोग्याला. आरोग्याचा बाकी खर्च राज्ये करतात, हे विसरून नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवले तर हिशोब चुकतो. पण राज्यांचे धरूनही पुरे पडत नाही. २०१७ च्या आरोग्य धोरणात सरकारनेच लिहिले होते की, देशाच्या एकूण उत्पन्नातले शेकडा अडीच रुपये २०२५ पर्यंत सरकारांनी आरोग्यावर खर्चावेत. २०२१-२२ साली, करोनाच्या काळातही, तो आकडा १ रुपया ८४ पैसे होता.

उरलेले कोण भरते? मावशी भरतात. त्या वर्षी देशात आरोग्यावर झालेल्या १०० रुपयांपैकी ३९ रुपये लोकांनी थेट खिशातून दिले. २०१३-१४ साली ते ६४ होते, म्हणजे भार उतरला आहे हे खरे. पण ३९ रुपये म्हणजे गाडीचे नऊशे आणि औषधाचे अकराशे. पुष्कळ घरी तर ते सावकाराकडून आणलेले.

यात आणखी एक मतभेद आहे. काही म्हणतात, सरकारने स्वतः दवाखाने चालवावेत. काही म्हणतात, सरकारने कार्ड द्यावे, इलाज कोणत्याही दवाखान्यात व्हावा आणि बिल सरकारने भरावे. आपल्या राज्यात २०१२ साली जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत अमरावती होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. या कार्डावर गरिबांची हृदयाची ऑपरेशने झाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण रात्री दोन वाजता ताप भरलेल्या पोराला कार्ड दाखवून भागत नाही. त्याला जवळ कोणीतरी माणूस लागतो. आमचे मत विचाराल तर कार्ड असावे, पण कुलूप आधी उघडावे. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे डोंगरातून रुग्णाला खाली आणणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे, तो आमच्याशी भांडणार नाही.

आणि फौजेच्या खर्चाबद्दल? फौजीदादांचे म्हणणे आम्हाला पटते. जवानाला फाटक्या बुटात उभे करून दवाखाना बांधा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण खर्च किती, कशावर, आणि घेतलेला माल बरा की वाईट, हे विचारणे म्हणजे जवानाचा अपमान नव्हे. त्यालाच तर तो माल वापरायचा आहे.

हे सगळे वर्गात वाचून झाले. फौजीदादांनी मान हलवली. मावशी म्हणाल्या, "ते सारं खरं हाय गुरुजी. पण कुलपाचं काय?"

मग आम्ही पाटीऐवजी कागद घेतला. कोणाला लिहायचे ते आधी ठरवले. लष्कराला नाही, दिल्लीलाही नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याला. एक प्रत आमदारांना आणि एक ग्रामसभेत ठेवायला. सपाट भागात ५,००० वस्तीला एक उपकेंद्र असावे, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० ला, असा सरकारचा नियम आहे, तो लिहिला. जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे ते लिहिले. मजकूर फौजीदादांनी सांगितला, कारण त्यांना अर्ज कसा लिहावा ते पलटणीत शिकवलेले आहे. अक्षर मावशींचे. "उपकेंद्र" हा शब्द त्यांनी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा बरोबर लिहिला.

खाली एकोणीस सह्या झाल्या. अर्ज सोमवारी रजिस्टर पोस्टाने गेला. पावती वर्गातल्या खिळ्याला लावून ठेवली आहे.